एल्फ राणीची समाधी नीट पडकी करायची आहे, मदत करा

रंकाळ्याचा_भुंगा | सोमवार, रात्री १२:१०

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, धागा खेळाचा आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्स ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: चारपाच जण टेबलाभोवती बसतात, एक जण गोष्ट रचतो (तो डीएम, म्हणजे मी), बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात आणि काय जमलं, काय फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. १९७४ साली अमेरिकेत निघालेला खेळ. राजारामपुरीतल्या एका गच्चीवरच्या खोलीत पोचायला त्याला पंचेचाळीसेक वर्षं लागली, पण पोचला.

आम्ही पाच जण. हायस्कूलच्या गणिताच्या बाई, एक दातांचा डॉक्टर, इंजिनिअरिंगचा एक पोरगा, माझा मेहुणा आणि मी. गेल्या रविवारी पार्टी (म्हणजे खेळणाऱ्यांच्या पात्रांची टोळी) धुक्याच्या वाडीवरच्या जंगलात शिरली. (माणसांच्या गावांना मी सरळ मराठी नावं देतो, नाहीतर आठवड्यानं माझीच जीभ वळत नाही.) मी दिवे बारीक केले, आवाज खाली आणला आणि म्हणालो, "समोर एक अतिप्राचीन समाधी. एल्फांची राणी इथ्रेला. नऊशे वर्षांत इथं कुणाचं पाऊल पडलेलं नाही."

मेहुणा एल्फ खेळतो, म्हणजे माणसासारख्याच दिसणाऱ्या पण शेकडो वर्षं जगणाऱ्या जमातीतलं पात्र. त्याचं पात्र ६४० वर्षांचं. शेंगदाणे खाता खाता म्हणाला, "दाजी, नऊशे म्हणजे माझ्या आजीच्या तरुणपणातलं की. अतिप्राचीन काय त्यात?"

खोली हसली. मी मनात हिशेब केला तर गडी बरोबर. खेळाच्या नियमात एल्फ साडेसातशे वर्षांपर्यंत जगतो. आपल्या पंचाहत्तरीच्या मापात नऊशे म्हणजे नव्वद वर्षं. कोल्हापूरच्या भाषेत सांगायचं तर राजाराम महाराजांचा काळ, कुणाच्यातरी पणजीनं डोळ्यांनी बघितलेला.

वर त्यानं दुसरा प्रश्न टाकला आणि तिथं मी अडकलो. "आजीनं बघितलं असणार, आईला सांगितलं असणार. मग मला ह्या समाधीबद्दल काहीच कसं माहीत नाही?"

मी म्हटलं, पुढच्या वेळी सांगतो. वह्या मिटल्या.

आता माझ्याकडं आहे ते असं: दार, बोळ, तीन दालनं, शेवटी दगडी पेटी. भिंतीतनं बाण सुटतात. वेली, कोळिष्टकं. थोडक्यात सिनेमात बघितलेलं सगळं. मला ती खरी पडकी करायची आहे. काय पडतं, काय उरतं, कुणी पाडलं? हातात दोन आठवडे आहेत. आणि साल बदला असं सांगू नका. राणीनं माणसांशी केलेला तह नऊशे वर्षांपूर्वीचाच आहे आणि त्यावर आमची दीड वर्षांची गोष्ट उभी आहे.

अर्धवट_एल्फ | सोमवार, सकाळी ९:०२

साल बदल की. एक शून्य वाढव, ९,००० कर, काम झालं.

रंकाळ्याचा_भुंगा | सोमवार, सकाळी ९:४०

शेवटच्या दोन ओळी वाच भावा.

कृष्णाकाठ | सोमवार, दुपारी १:१५

दोन आठवडे आहेत तर एक सकाळ काढून खिद्रापूरला जाऊन ये. शिरोळ तालुक्याच्या टोकाला, कृष्णेच्या काठावर कोपेश्वर. शिलाहारांच्या काळातलं काम, यादव सिंघणाचा शिलालेख आहे, म्हणजे तुझ्या नऊशे वर्षांच्या आसपासच. पडकं कसं दिसतं याचा सगळा अभ्यास तिथं फुकट होतो.

स्वर्गमंडपात उभा राहून वर बघ. छताला मधोमध गोल मोकळीक आहे, आभाळ दिसतं, आणि बरोबर तिच्याखाली जमिनीत गोल शिळा. पहिल्यांदा जाणारा माणूस हमखास विचारतो, "छत पडलं का हो?" पडलेलं नाही. मुद्दाम मोकळं ठेवलंय. हे तुझ्या समाधीत वापर. खेळणारे समजतील छत कोसळलंय, प्रत्यक्षात ते बांधलंच तसं असेल. पडकं काय आणि हेतू काय यात गफलत झाली की खेळ सुरू.

मग बाहेर येऊन पायाशी बस, जिथं हत्तींची ओळ आहे. हत्ती शाबूत, पाठीवरच्या मूर्ती कुठं कुठं फुटलेल्या, सोंडा गेलेल्या. काळ असा निवडून सोंडा तोडत नाही. ऊनपाऊस सगळ्यांना सारखाच झिजवतो. नेमकी तोंडं आणि हात गेले असतील तर तिथं माणूस होता आणि त्याच्या हातात छिन्नी होती. तुझ्या समाधीच्या भिंतीवर राणीचं चित्र कोरलेलं असेल तर आजूबाजूची वेलबुट्टी कोरून काढल्यासारखी ताजी ठेव आणि राणीचा फक्त चेहरा घालव. खेळणाऱ्यांना आपोआप कळेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. त्या देवळात रोज पूजा होते. भंगलेल्या मूर्तीच्या शेजारी ताजी फुलं असतात. "नऊशे वर्षांत कुणाचं पाऊल नाही" हे वाक्य आधी खोड. आपल्याकडं असा एक दगड दाखव ज्याला कुणी हात लावलेला नाही. खाली वाडी आहे म्हणतोस ना? मग वाडीतली पोरं तिथं सूरपारंब्या खेळत असणार, पावसाळ्यात शेरडं बांधत असणार, आणि एखादा कोरीव दगड कुणाच्यातरी परसात धुणं धुवायला गेलेला असणार.

सदाशिवपेठी | सोमवार, दुपारी ३:३०

मुळात एल्फ कशाला हवेत? आपल्याकडे यक्ष आहेत, गंधर्व आहेत. परक्यांची भुतं आणून त्यांना मराठीत रडवायचं. चालू द्या.

मातीखालचा | सोमवार, संध्याकाळी ६:२०

सदाशिवपेठी, यक्ष घ्यायला हरकत नाही, पण त्यांना समाधी लागत नाही. एल्फ आणि थडगं यांचं मात्र मुळापासून नातं आहे आणि ते फारच ओळखीचं आहे.

नॉर्वे-आइसलँडच्या जुन्या भाषेत त्यांना शब्द आहे 'आल्फ'. आज चित्रात दिसणारे टोकदार कानांचे, धनुष्यवाले एल्फ ही बरीच अलीकडची गोष्ट. जुन्या कथांत ते टेकाडात राहतात, आणि ती टेकाडं म्हणजे बऱ्याचदा जुनी थडगी. नॉर्वेत गाइरस्टाड नावाच्या ठिकाणी ओलाफ नावाचा राजा मातीच्या ढिगाखाली पुरला. पुढं दुष्काळ पडल्यावर लोक त्याच ढिगावर नैवेद्य द्यायला लागले आणि त्याला 'गाइरस्टाडचा आल्फ' म्हणायला लागले. म्हणजे मेलेला राजा स्वतःच एल्फ झाला. आइसलँडच्या एका कथेत जखम बरी व्हावी म्हणून एल्फ राहतात त्या टेकाडावर बैलाचं रक्त शिंपडायचं आणि मांसाचं जेवण घालायचं, असा उपाय सांगितलाय. आयर्लंडमध्येही पुरातन थडग्यांच्या टेकाडांत अद्भुत लोक राहतात अशी समजूत आहे.

लढाईत पडलेला माणूस, त्याचा दगड, त्या दगडाला शेंदूर, मग निवद. यात परकं काय आहे ते मला तरी दिसत नाही.

आक्का_उत्तरेश्वर | सोमवार, रात्री ९:०५

मी हा खेळ खेळत नाही, माझा लेक खेळतो, त्याच्यामुळं वाचते. मातीखालचा यांचं पटलं. आमच्या माहेरी शेताच्या बांधावर असाच एक दगड आहे. अवसेला दहीभात न्यायचा. कुणाचा दगड विचारलं तर आजी म्हणायची, "आहे आपला राखणदार." तिच्या आजीनंही तिला एवढंच सांगितलेलं. नेणं कुणी चुकवलं नाही आणि कुणाचा ते कुणी विचारलंही नाही.

तुमच्या वाडीतल्या बायका समाधीवर निवद नेत असतील. आत कोण आहे हे त्यांना ठाऊक नसेल. एल्फ बिल्फ त्यांना कशाला माहीत असणार. त्यांच्या लेखी ती आईच असेल.

रंकाळ्याचा_भुंगा | सोमवार, रात्री ९:५०

आक्का, हे घेतलं. आता मला बाण सुटणाऱ्या भिंतीची लाज वाटायला लागलीय. दारात दहीभाताची वाटी असेल तर आत बाण कोण भरून ठेवणार?

ओतारी | मंगळवार, सकाळी ७:१०

उद्यमनगरात भट्टी आहे, धातूपुरतं बोलतो.

नऊशे वर्षांनी लाकूड गेलं समजा. लोखंड असेल तर त्याचा पापुद्र्या पापुद्र्यांचा लाल चुरा. कांसं टिकतं, वर हिरवा थर चढतो आणि तोच थर आतल्या धातूला राखतो. पटत नसेल तर टाऊन हॉल म्युझियममध्ये जा. ब्रह्मपुरीच्या टेकाडातनं निघालेली पोसायडनची कांस्यमूर्ती आहे. पोसायडन म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव. दोन हजार वर्षांच्या घरातली, सातवाहनांच्या वेळची. ओतकाम बघून आजही हात जोडावेसे वाटतात.

तर तुझ्या समाधीतल्या बिजागऱ्या, दिवे, पेटीची कडी, सगळं कांस्याचं ठेव. बाणाच्या स्प्रिंगा विसर.

दुसरी गोष्ट. जुन्या बांधकामात दोन दगड जोडायला धातूच्या पट्ट्या ठोकतात. ती पट्टी लोखंडाची असली आणि पाणी लागलं की गंज फुगतो आणि दगड आतनं फुटतो. बाहेरनं बघणाऱ्याला वाटतं वीज पडली. म्हणजे दगड कुठं फुटलाय ते बघून लोखंड कुठं होतं ते सांगता येतं.

मातीखालचा | मंगळवार, सकाळी ११:३५

ओतारी, काय सोन्यासारखी गोष्ट सांगितलीत! युरोपच्या लोककथांत असल्या लोकांना लोखंडाचं वावडं असतं. दाराला घोड्याचा नाल ठोकतात तो त्यातलाच प्रकार. म्हणजे एल्फांनी बांधलेल्या समाधीत लोखंड असायलाच नको. आणि दाराशीच दगड फुटलेले असतील तर?

आक्का_उत्तरेश्वर | मंगळवार, दुपारी १२:२०

बाळंतिणीच्या उशाखाली अडकित्ता ठेवतात तसं.

रंकाळ्याचा_भुंगा | मंगळवार, दुपारी १२:४१

थांबा थांबा. म्हणजे दार बाहेरनं लोखंडी पट्ट्यांनी बंद केलं होतं. आणि लोखंड माणसांना अडवत नाही. ते एल्फांना अडवायला होतं.

अंगावर काटा आला राव. आणि मी इथं ऑफिसात बसलोय.

फासा_वीस | मंगळवार, दुपारी २:००

याच्या उलट बाजूची एक गोष्ट नियमातच आहे. घूल नावाचं मढं खाणारं भूत असतं. त्याचा पंजा लागला की माणूस लुळा पडतो, एल्फ मात्र पडत नाही. राणीच्या माणसांनी राखणीला घूल ठेवले असतील तर हिशेब सरळ आहे: चोर माणूस आला तर जागीच पडेल, नातलग एल्फ आला तर निवांत आत जाऊन दिवा लावून येईल. ही झाली मूळ व्यवस्था. लोखंड नंतर आलं. आधी परक्यांना अडवलं, नंतर घरच्यांना.

जांभा | मंगळवार, संध्याकाळी ७:४५

सिव्हिलवाला आहे. तुमची भुतं तुमच्यापाशी, मी फक्त पाडतो.

चुन्याशिवाय, दगडावर दगड बसवलेलं बांधकाम असेल तर ते वरून खाली कोसळत नाही, आधी बाजूला सरकतं. सुरुवात होते पक्ष्यापासून. पक्षी पिंपळाचं नाहीतर उंबराचं फळ खातो, शिखरावर बसून घाण करतो, सांध्यात बी पडतं. दहा वर्षांनी बोटाएवढं मूळ, पन्नास वर्षांनी मांडीएवढं. गंमत अशी की तेच मूळ पुढं दगड धरून ठेवतं. झाड तोडलं की मग भिंत पडते. पार्टीतल्या कुणाला कुऱ्हाड चालवायची हौस असेल तर चालवू दे.

मधल्या दालनाच्या तुळईला मधोमध तडा दे. दगडाला दाब सोसतो, वाक सोसत नाही. खाली वटवाघळांच्या लेंडीचा थर, वास नाकात बसणारा. कमानीत आग्या मोहोळ. मशाल पेटवून आत घुसणाऱ्याला धडा शिकवायला दुसरा सापळा लागत नाही.

आणि जमिनीच्या पोटातल्या रचनेसाठी पन्हाळ्याची अंधारबाव बघ. वरनं साधी इमारत वाटते, आत तीन मजले. तळाला पाणी, मधल्या मजल्यातनं तटाबाहेर निघायची चोरवाट. तुझा बोळ आणि ओळीनं तीन दालनं म्हणजे रेल्वेचा डबा झाला. एकाखाली एक घे.

रंकाळ्याचा_भुंगा | मंगळवार, रात्री १०:३०

नकाशा फाडला. नवीन काढतोय. आग्या मोहोळासाठी विशेष आभार, दातांचा डॉक्टर दर वेळी मशाल पेटवतो.

दुर्बीणवाली | बुधवार, रात्री ११:२०

उशिरा आले. दार उघडण्याचा प्रसंग कुणी घेतला नसेल तर मी घेते. कोल्हापुरात राहून सूर्यकिरणांचा वापर कुणी सुचवला नाही म्हणजे कमाल आहे.

अंबाबाईचा किरणोत्सव सगळ्यांना माहीत आहे: ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, आणि ९, १०, ११ नोव्हेंबर. मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात, पहिल्या दिवशी चरणांवर, मग वर चढत तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. वर्षातनं दोनदा का? २१ डिसेंबरच्या आसपास सूर्य दक्षिणेच्या टोकाला असतो. १० नोव्हेंबरपासून तिथवर ४१ दिवस, तिथून १ फेब्रुवारीपर्यंत ४२. जाताना आणि येताना सूर्य क्षितिजावर त्याच जागी मावळतो. आणि किरणं पूर्ण पोचली नाहीत की आपण कारणं शोधतो ती म्हणजे ढग, धूळ आणि वाटेत उभी राहिलेली बांधकामं.

आयर्लंडमध्ये न्यूग्रेंजला असंच एक थडगं आहे, ख्रिस्तपूर्व ३२००च्या सुमाराचं. दारावर एक झरोका आहे. २१ डिसेंबरच्या आसपास उगवतीचा किरण त्यातून १९ मीटर लांब बोळात शिरतो आणि सतरा मिनिटं आतली खोली उजळते. पण आता तो किरण सूर्य उगवल्यानंतर चारेक मिनिटांनी आत येतो. बांधलं तेव्हा उगवतीलाच यायचा. कारण पृथ्वीच्या आसाचा कल हळूहळू कमी होतोय, शंभर वर्षांत साधारण ४७ विकला (एका अंशाच्या ६० कला, एका कलेच्या ६० विकला).

आता तुझ्या समाधीचा हिशेब. नऊशे वर्षांत ७ कलांचा फरक. बोळ १९ मीटरचा धरला तर किरण चार सेंटीमीटर सरकेल. दोन बोटं. एल्फांनी किरण नेमका एका खाचेवर पाडला होता, आता तो दोन बोटं बाजूला कोऱ्या दगडावर पडतो. पार्टी तो कोरा दगड दाबत बसेल.

अर्धवट_एल्फ | बुधवार, रात्री ११:४५

त्याच्या जगात पृथ्वीच नाही तर पृथ्वीचा आस कुठला?

दुर्बीणवाली | बुधवार, रात्री ११:४८

ऋतू आहेत ना तिथं? मग कल आहे. झोप आता.

रंकाळ्याचा_भुंगा | गुरुवार, सकाळी ८:१५

आमच्या गणिताच्या बाई या धाग्यावर नाहीत याची खात्री करून मगच हे वापरतो. एकच अडचण उरली, मेहुण्याचा प्रश्न. त्याला माहीत कसं नाही?

कृष्णाकाठ | गुरुवार, सकाळी १०:००

तुझ्या घरात पणजोबांच्या वेळी वाटणी झाली असेल. विचार वडिलांना काय झालं होतं. "सोड की ते" यापलीकडं काही मिळालं तर मला सांग. नव्वद वर्षांपूर्वीचं आठवत नाही म्हणून नव्हे, चांगलं आठवतंय म्हणून कुणी बोलत नाही. आपल्याकडं सातबाऱ्यावरनं तुटलेली घरं तीन पिढ्या एकमेकांच्या मयताला जात नाहीत. एल्फांचं तर एक आयुष्य साडेसातशे वर्षांचं. त्यांची भाऊबंदकी किती टिकत असेल बघ.

मातीखालचा | गुरुवार, दुपारी १२:५०

मग दारावरचा शापही त्याच अंगानं लिही. सिनेमातला शाप असतो, "जो आत येईल तो मरेल." आपल्याकडचे खरे शाप जमिनीचे आहेत. गधेगळ बघितलाय का? शिलाहारांच्या काळापासूनचे दगड. वर सूर्य-चंद्र, मध्ये दानाचा मजकूर, खाली गाढव आणि बाई कोरलेली. हे दान जो मोडेल त्याच्या आईला काय होवो ते चित्रातच काढलेलं, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही कळावं. थडगं उघडणाऱ्याला तिथं कुणी विचारत नाही. सारा आणि जमीन खाणाऱ्याला धमकी आहे.

सूर्य-चंद्र वीरगळावरही असतात. सूर्य-चंद्र आहेत तोवर हे टिकावं, असा अर्थ. आपण सत्तर वर्षं जगणारे लोक असं लिहितो. एल्फ काय लिहीत असतील?

सदाशिवपेठी | गुरुवार, दुपारी ४:१०

हे चांगलं जमलंय. (यक्ष चालले असते, हे माझं मत कायम.)

आक्का_उत्तरेश्वर | पुढच्या रविवारी, सकाळी ८:३०

धागा वर काढते. आज आहे ना? निवद विसरू नका.

रंकाळ्याचा_भुंगा | सोमवार, रात्री १:४०

झालं. आत्ताच घरी आलो, झोप येत नाही म्हणून लिहितोय. मोठं होईल.

वाडीतनं सुरुवात केली. एक म्हातारी डोक्यावर पाटी घेऊन टेकडी चढताना भेटली. डॉक्टर म्हणाला, हिच्या मागं जाऊ. दारात जुन्या वाट्यांचा ढीग, त्यावर ताजा भात. इंजिनिअर पोरानं विचारलं, "आजी, आत कोण आहे?" मी आक्कांचं वाक्य जसंच्या तसं टाकलं: "आहे आपली राखणदार." टेबलावर एकदम शांतता. मी आवाज बदलायचा म्हटलं तरी मला बदलता आला नसता.

दाराशी फुटलेला दगड. बाईंनी फासा टाकला, सतरा. मी फक्त वर्णन केलं: लाल चुरा, फुगलेली खाच, खाच बाहेरच्या बाजूनं. मेहुण्यानं पात्राचा हात पुढं केला आणि मी म्हणालो, "बोटांना चटका बसला. चुऱ्याला हात लागला तुझा." त्यानं शेंगदाण्यांची वाटी बाजूला सारली. "बाहेरनं ठोकलंय हे," म्हणाला. मी काही बोललो नाही.

मशाल पेटली. मोहोळ उठलं. डॉक्टर अर्धमेला. जांभा, तुमचे आभार मी त्याच्यापर्यंत पोचवले आहेत, तो तुमचा पत्ता मागतोय.

घूल मधल्या मजल्यावर. डॉक्टर आणि पोरगा लुळे पडले, बाई कशाबशा वाचल्या, आणि घूल मेहुण्यापाशी येऊन नुसते थांबले. नियमात त्यांनी हल्ला करायला हवा होता. मी नियम मोडला, हो. त्यातल्या एकानं बाजूला होऊन वाट दिली. नऊशे वर्षं ज्याची वाट बघत होते तो एकदाचा आला, असं मला दाखवायचं होतं.

किरणाचं कोडं मात्र फसलं. म्हणजे माझ्या बाजूनं फसलं. बाईंनी तीन मिनिटांत विचारलं, "ही समाधी नक्की किती वर्षांची म्हणालात?" आणि वहीच्या मागच्या पानावर गुणाकार करून दोन बोटं डावीकडं दाबलं. मी तासाभराचा वेळ ठेवला होता. दुर्बीणवाली, तुमच्यासारखं कुणी आमच्या टेबलावर आधीच बसलंय.

सगळ्यात तळाला पाणी आणि पाण्यात पेटी. भिंतीवर राणी, चेहरा छिन्नीनं काढलेला, आजूबाजूची वेल ताजी. पेटीत राणीच्या हाताशी एक बोटभर कांस्याची मूर्ती: समुद्रदेव, माणसांचा, टेकडीपासून दोनशे कोस लांबच्या बंदरातला. ओतारी, ही तुमच्या पोसायडनवरून. राणीला ती कुणी दिली, हे मी अजून ठरवलेलं नाही. टेबलावर मात्र प्रत्येकानं ठरवून टाकलंय आणि प्रत्येकाचं वेगळं आहे.

दारामागं शिलालेख. मेहुण्यालाच वाचता येत होता. सगळ्यांना वाटलं शाप असणार. तो मोठ्यानं वाचत गेला: ही टेकडी आणि खालचं शिवार राणी इथ्रेला माणसांच्या वाडीला देते, बदल्यात दर अवसेला एक दिवा आणि एक वाटी. हे दान माझ्या रक्ताचा जो कुणी मोडेल त्याला... आणि पुढचा शाप, जो मी इथं लिहीत नाही.

पोरगा म्हणाला, "म्हणजे राणीनं जमीन बाहेर दिली आणि घरच्यांनी तिचं दार बंद केलं?" डॉक्टर लुळा पडल्या पडल्या म्हणाला, "आमच्या गावाकडं सेम केस चालू आहे."

पेटीतलं काही घ्यायचं की नाही यावर वीस मिनिटं भांडण झालं. शेवटी मूर्ती परत ठेवली, चांदीची दोन कडी पोरानं गुपचूप खिशात घातली (मला चिठ्ठी लिहून कळवलं). म्हातारी दारात बसून होती. मेहुण्यानं तिला विचारलं, किती वर्षं भात आणताय? ती म्हणाली, "मी सोळाची सून म्हणून आले तेव्हापास्नं."

सेशन तिथंच संपवणार होतो. पण मेहुणा म्हणाला, मला आईकडं जायचंय. एल्फांच्या जंगलात, तीन दिवसांची वाट, मी एका वाक्यात उरकली. त्याची आई आता ७४०. मी काहीच तयारी केली नव्हती. तो म्हणाला, "आई, इथ्रेला कोण होती?"

आणि माझ्या तोंडातनं आलं, "जेवलास का? आधी जेवून घे."

मेहुणा माझ्याकडं बघत राहिला. त्याची बहीण, म्हणजे आमची बायको, चहाचे कप न्यायला आली होती, ती दारातच थांबली. मग कप न नेताच खाली गेली.

आक्का_उत्तरेश्वर | सोमवार, सकाळी ६:५५

पोरानं कडी परत ठेवायला हवीत.